उतरवून घेतलेला आवाज

ते फोनमधलं बोलणं बंद कर आधी, शिवाजी. परतूरला कसं जायचं हे विचारायला ती बाई कशाला पाहिजे तुला? जन्म वाटूरला गेला तुझा. बंद केला? बराबर. ठेव तिकडं.

न्हाई रे, चिडलो न्हाई. मशीनमधून बाईमाणूस बोलायला लागलं की मला चैन पडत न्हाई, एवढंच. आता लाईट तर काय लवकर येत न्हाई, न् गच्चीवर मच्छर तुम्हाला झोपू देईनात. मंग ऐका. पण मधी मधी 'खरंच का काका, खरंच का' करू नका. मी सांगतोय ते भुजंगचं हाय, माझं न्हाई. मी तिथं होतो एवढंच.

मी तवा कुंभार पिंपळगावच्या टेलिफोन एक्सचेंजवर लाईनमन होतो. दोन हजार सहा साल. एक्सचेंज म्हणजे काय, एक खोली. आत बॅटऱ्या, बाहेर लिंबाचं झाड. पोळा नुकताच होऊन गेल्ता. एक दिवस सकाळी तक्रार आली की बाजारगल्लीत भुजंगच्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या लाईनला खरखर लई येऊन राह्यली. मी सायकलला पिशवी लावली न् निघालो. असल्या तक्रारी पावसाळ्यात रोजच्या. तारेच्या जॉइंटमध्ये पाणी जातं, खोलायचं, पुसायचं, बांधायचं, चहा प्यायचा, परत यायचं.

भुजंग म्हणजे शेतकऱ्याचं पोरगं. औरंगाबादला राहून कॉम्प्युटर शिकून आल्ता, घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं होतं. लग्नपत्रिका छापायचा, अर्ज टाईप करून द्यायचा, गावातल्या पोरांना शिकवायचा. बोलायला नरम. मी खांबावरून उतरलो तर माझा हातच धरला त्यानं. म्हणला, काका, लाईन रात्रीची बिलकुल तुटली न्हाई पाहिजे. मी रोज रात्री इंटरनेट लावतो, अर्ध्यात तुटतं न् सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मी गमतीत म्हणलं, असं काय करून राह्यला बाबा रात्रभर, सिनेमे पाहून राह्यला का?

तो हसला न्हाई.

"बायकोला शोधून राह्यलो," म्हणला.

त्याची बायको तीन वर्षांमागं वारली होती. कावीळ झाली न् आठवड्याच्या आत गेली. मातीला मी गेल्तो. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की चहाचा कप हातात तसाच राह्यला.

तेवढ्यात उंबऱ्यात त्याची पोरगी येऊन बसली. जाई नाव तिचं. मी कापून टाकल्याले तारेचे तुकडे गोळा करून तिनं फ्रॉकच्या ओच्यात घेतले. लाल एकीकडं, निळे एकीकडं. मी विचारलं, काय नाव गं तुझं? तिनं माझ्याकडं पाह्यलं, डोळे मोठे मोठे केले, न् पुन्हा तारा निवडायला लागली.

ती बोलत नव्हती. साडेतीन वर्षांचं लेकरू, एक शब्द न्हाई. जालन्याच्या डॉक्टरनं कान तपासले, गळा तपासला, सगळं ठीक हाय म्हणला, बोलंल. आजीनं, साळूबाईनं, जांब समर्थला नवस केला होता. साळूबाई मोठी समजूतदार बाई, पण एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या बोलून गेली, "लेकरू मायचं ऐकून बोलायला शिकतं. हिनं मायचं काय ऐकलं?" ते वाक्य भुजंगच्या काळजात रुतून बसलं. त्याला वाटायला लागलं, मायचा आवाज एकदा हिच्या कानावर पडला की हिचं तोंड उघडंल. बापाचं मन. त्याला कोण काय समजावणार?

पण आवाज आणायचा कुठून? आताच्यासारखे मोबाईल नव्हते. लग्नाची कॅसेट होती, पण व्हिडिओवाल्यानं तिच्यावर सगळी सिनेमाची गाणी टाकल्याली. तिच्यात नवरी हसती, ओठ हलवती, काहीतरी बोलती, न् ऐकू येतं गाणं. भुजंगनं ती कॅसेट कितीदा पाह्यली असंल कोण जाणे. आवाज नव्हता म्हणजे नव्हता.

मंग त्याला आठवलं. लग्नाच्या आधी ती औरंगाबादला कॉलेजात होती. तिथं एका सरांनी काही पोरं जमवून एक प्रोग्राम बनवायला घेतल्ता. आंधळ्या माणसांसाठी. मराठीत लिहिल्यालं कॉम्प्युटरनं मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्याला आवाज पाहिजे होता, न् सरांनी हिला बसवलं. खिडकीला गाद्या लावून बंद केल्याल्या खोलीत बसून ती दिवस दिवस वाचायची. मुळाक्षरं, बाराखडी, वाक्यं. लग्न झाल्यावर हसत हसत सांगायची म्हणे, की मी जगभर बोलून राह्यले न् तुम्हाला पत्ताच न्हाई.

जगभर कामून, तर तो प्रोग्राम त्यांनी फुकट वाटल्ता. ओपन सोर्स म्हणतात त्याला, तुम्हाला म्हायती असंल. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम कसा लिहिलाय ते, सगळ्यांना उघडा. बांधावरच्या बोरीसारखं, येईल त्यानं खावं, न्यावं, आपल्या घरी लावावं. एकच नियम, ज्यानं बनवलं त्याचं नाव पुसायचं न्हाई. ते जिथं जाईल तिथं नाव संग गेलं पाहिजे. हे सगळं मला भुजंगनं सांगितलं, मी आपला लाईनमन माणूस. पण तो नियम मला तवाच आवडल्ता.

कॉलेजातलं काम केव्हाच बंद पडल्तं. सर परदेशात गेल्ते, खोलीतलं मशीन भंगारात गेल्तं. पण प्रोग्रामच्या नकला जगभर पांगल्या होत्या. न् तवा एक साइट निघाली होती, जगातल्या असल्या फुकटच्या प्रोग्रामांचा कोड न् त्याच्यासंग लिहिल्याली म्हायती, सगळं एकदम धुंडाळून देणारी. एक शब्द टाकायचा. कुठल्या प्रोग्रामात, कुठल्या फायलीत, कुठल्या ओळीत तो शब्द हाय ते समोर यायचं. भुजंग रोज जेवण झालं की बसायचा. एका प्रोग्रामात सांगाडा सापडायचा, आवाज नसायचा. दुसऱ्यात कुणी तिचा आवाज काढून आपल्या भाषेतला बसवल्ता. तिसऱ्यात लिहिल्यालं, आवाजाच्या फायली वेगळ्या ठेवल्यात, अमुक पत्त्यावरून उतरवून घ्या. न् तो पत्ता बंद. मंग पुन्हा नवा शब्द. शेवटी तो बायकोचं नाव टाकून शोधायला लागला. नंदा. आडनाव लावून, आडनाव काढून, भुजंग लावून. काही न्हाई. एक ओळ न्हाई. असं महिन्यामागून महिने चालल्तं.

मी त्याला लाईन पक्की बांधून दिली. येता-जाता चौकशी करायचो. तो मान हलवायचा. तब्येत पार उतरली होती.

मंग पितरपाट आला. सवाष्ण गेल्याली बाई, तिचं श्राद्ध अविधवा नवमीला. तिची माय द्वारकाबाई इथूनच, या वाटूरहून गेल्ती. तुमच्यातल्या कुणी तिला पाह्यलं असंल, मारुतीच्या देवळामागं घर होतं, आता कुणी न्हाई तिथं. तर गुरुजींनी नाव विचारलं. साळूबाई म्हणली, नंदा. न् मागून द्वारकाबाई बोलली.

"नंदा कोण? माझ्या लेकीचं नाव उमा."



खरं होतं ते. तिचं जन्माचं नाव उमा. पण या घरात थोरल्या सुनेचं नावबी उमाच. एका घरात दोन उमा कशा, हाक मारली की दोघी उठतील, म्हणून लग्नात तिचं नाव बदललं. आपल्याकडं रीतच हाय. ताटात तांदूळ पसरले न् भुजंगनंच अंगठीनं त्यात 'नंदा' लिहिलं. तवापासून त्या घरात तिला उमा म्हणून कुणी हाक मारली न्हाई. मारली तर थोरली उठायची. भुजंगच्या डोक्यातूनच ते नाव निघून गेल्तं. दशक्रियेला पिंड 'नंदा'च्या नावानं ठेवल्ता न् कावळा शिवला नव्हता, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं होतं. तवाबी कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

न् आवाज तर तिनं लग्नाच्या आधी दिल्ता.

भुजंग श्राद्धाच्या पाटावरून उठला तो थेट दुकानात गेला. गुरुजी हाका मारून राह्यले. संध्याकाळी तो पळत एक्सचेंजवर आला, पायात चप्पल न्हाई. म्हणला, काका, सापडली. कुठल्या तरी थंड मुलखातल्या पोरांनी तो प्रोग्राम जसाच्या तसा सांभाळून ठेवल्ता, आवाजासकट. न् म्हायतीच्या फायलीत, अगदी शेवटी, एक ओळ होती. आवाज: उमा, औरंगाबाद.

"तिकडच्या लोकांनी तिचं नाव ठेवलं, काका," म्हणला. "पुसलं ते आम्ही." न् लिंबाखाली बसून रडला. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार?

आता ते उतरवून घ्यायचं होतं. फाईल मोठी, टेलिफोनच्या तारेवरून यायची, म्हणजे थेंब थेंब. आठवडाभर त्यानं हातपाय मारले. कधी लाईट जायची, कधी लाईन तुटायची. न् त्या थंड मुलखातल्या पोरांच्या साइटवर सूचना लागल्याली, महिनाअखेर जुनं सगळं काढून टाकणार. त्याचा जीव खालवर होऊन राह्यला. शेवटी शुक्रवारी मला म्हणला, आज रात्री लाईट राहणार हाय, मी ट्रॅक्टरची बॅटरीबी आणून ठेवलीय. तुम्ही तेवढं एक्सचेंजवर बसा. मी तारीख पाह्यली. बावीस सप्टेंबर. सर्वपित्री अमावस्या. मी म्हणलं, अरे आज नको, उद्या लाव. तो म्हणला, उद्याचं काय सांगता येतं काका, आज लाईट हाय. बरं म्हणलं. लेकराकडं पाहून बरं म्हणलं.

गावात जेवणं लवकर आटपली होती. दिवसा गच्चीगच्चीवर पानं ठेवल्याली, त्यातलं उरल्यालं कुत्री ओढून राह्यली होती. मी नऊच्या सुमाराला जाऊन बसलो. पंखा लावला, बिडी पेटवली. भुजंगची लाईन लागल्याली दिसत होती. सगळं ठीक होतं.

साडेदहा झाले असतील. मला वाटलं, लाईन साफ हाय का पाहावं. आमच्याकडं एक तपासणीचा फोन असायचा, त्याला दोन चिमटे. तारेला लावायचे न् नुसतं ऐकायचं. मी चिमटे लावले. इंटरनेट चालू असलं की तारेत नुसती फसफस येती, तव्यावर पाणी टाकल्यासारखी. तशीच आली. मी काढणारच होतो.

फसफशीच्या खालून कुणीतरी बोलत होतं.

मला वाटलं, दुसऱ्याची लाईन घुसली. पावसाळ्यात होतं तसं. शेजारच्या तारा एकेक करून तपासल्या. सगळ्या सुनसान, गाव झोपल्यालं. पुन्हा भुजंगच्या तारेवर आलो. कान दाबला.

बाई होती. बाराखडी म्हणून राह्यली होती.

ग... गा... गि... गी...

सावकाश. लेकराला समोर बसवून म्हणावी तशी. मी उभ्या उभ्या ऐकत राह्यलो. घ झाला. च झाला. छ झाला. पण काहीतरी बराबर वाटंना. काय ते कळंना. मंग कळलं. ती श्वास घेत नव्हती. इतकं बोलून राह्यली, न् मधी कुठं श्वास न्हाई.

पोरांनो, तारेतून फाईल येताना तिच्यातला आवाज ऐकू येत नसतो. आयुष्य गेलं माझं त्या तारेवर. येत नसतो.

ज... जा...

थांबली. मी वाट पाह्यली, जि म्हणंल. न्हाई म्हणली.

जा... ई...

जा... ई...

मी चिमटे ओढून काढले. बाहेर आलो. लिंबाचं पान हलत नव्हतं.  आत पाह्यलं, तर भुजंगची लाईन सुटल्याली. म्हणजे काम झालं होतं. मी खोलीला कुलूप घातलं, सायकल काढली न् बाजारगल्लीला गेलो. कामून गेलो? घरी जायला पाहिजे होतं. पण त्या घरात लेकरू होतं.

दुकानाचं दार उघडंच होतं. भुजंग मशीनपुढं, साळूबाई मागं भिंतीला टेकून. मला पाहून तो उठला, लहान पोरासारखं हसला. उतरलं, काका, म्हणला. त्याला इतका आनंद झाल्याला मी लग्नातबी पाह्यला नव्हता. मला तारेतलं सांगायचं होतं, पण ते तोंड पाहून माझी जीभ उचलंना.

त्यानं फाईल खोलून दाखवली. आत हजारो बारके बारके तुकडे. एक अक्षर, अर्धं अक्षर. सबंध वाक्य एकबी न्हाई. सरांच्या पोरांनी कामासाठी तिचं सगळं बोलणं कापून तुकडे केल्ते, मशीननं पाहिजे तसे जोडावे म्हणून. वाक्यं टाकून दिली होती. भुजंगचा चेहरा जरा उतरला. "श्वासबी कापून टाकलेत, काका," म्हणला. "मशीनला श्वास लागत न्हाई ना." मंग स्वतःच म्हणला, असू द्या. आपण जोडू. आपण जे लिहू ते ती बोलंल.

त्यानं बटणं दाबली. मी पाह्यलं काय लिहिलं ते. दोनच शब्द.

मशीन बोललं, "जाई, ये."

तारेतली बाई. तीच.

साळूबाईनं पदर तोंडाशी नेला. सुनेचा आवाज तिनं ओळखला. सपाट होता, चढ न्हाई, उतार न्हाई, पण तिचाच. भुजंगच्या गालावरून पाणी वाहून राह्यलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं.

"जाई, ये."

आतल्या खोलीत गोधडी सरकली. न् लेकरू उठून आलं. डोळे चोळत उंबऱ्यात उभं राह्यलं. भुजंग खाली बसला, हात पसरले. म्हणला, ऐक बाळा, माय बोलती. ऐक.

जाई त्याच्याकडं पाहत नव्हती. मशीनकडंबी पाहत नव्हती. ती दाराकडं पाहून राह्यली होती. माझ्या मागं. गल्लीकडं.

न् लाईट गेली.

बॅटरीवर चालायला पाहिजे होतं मशीन. चाललं न्हाई. पडदा काळा. पंखा थांबला. डोळ्यात बोट घातलं तर दिसंना.

"जाई, ये."



"मी न्हाई..." भुजंग म्हणला. "मी न्हाई दाबलं..."

"जाई, ये."

आवाज मशीनकडून नव्हता. दारातून होता. सपाट. तसाच. चढ न्हाई, उतार न्हाई. त्यानं जोडून दिल्ते तेवढेच शब्द. दुसरे तिच्यापाशी नव्हते.

साळूबाई कुजबुजली, "ओ देऊ नका. कुणी ओ देऊ नका."

आपल्याकडं हे सांगावं लागत न्हाई. रात्रीची हाक आली तर ओ द्यायची न्हाई, तुम्हाला तुमच्या मायनं सांगितलंय, मला माझ्या मायनं. मी तोंडावर हात दाबला. भुजंगनं दाबला असंल. आम्ही तिघं मोठी माणसं दम धरून उभी.

पण जे लेकरू बोलतच न्हाई... त्याला ओ देऊ नको म्हणून कोण शिकवतं?

कुणीच शिकवलं नव्हतं.

"जाई, ये."

...

"आले, माय."

गोड आवाज होता. स्वच्छ. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा बोललं लेकरू, न् इतकं स्वच्छ बोललं.

माझ्या पायाला काहीतरी घासून गेलं. फ्रॉक होता तिचा. मी वाकलो, हात फिरवला, सापडंना. भुजंगनं झेप टाकली. कुठंतरी दारापाशी त्याला ती सापडली. त्यानं छातीशी धरली न् ओरडला, दिवा, दिवा लावा. मी काडी ओढली. दारात कुणी नव्हतं. गल्ली रिकामी. जाई त्याच्या खांद्यावर होती, डोळे उघडे, तोंडावर हसू. अंग तापल्या तव्यासारखं.

भुजंगच्या थोरल्या भावानं जीप काढली. साळूबाई न् मीबी संग बसलो. भुजंगनं तिला एक क्षण खाली ठेवलं न्हाई, बोलत राह्यला तिच्याशी, बोल बाळा, अजून एकदा बोल. तिनं काही म्हणलं न्हाई. घनसावंगीच्या अलीकडं तिचं अंग गार पडायला लागलं. दवाखान्यापर्यंत जायचं कामच पडलं न्हाई. साळूबाईनं हात लावून पाह्यला न् जीप मागं वळवायला सांगितली.

डॉक्टर नंतर म्हणला, मेंदूज्वर. असंल. तो शिकल्याला माणूस, मी त्याला खोटं म्हणत न्हाई.

भुजंगनं दुकान बंद केलं. मी दोनदा जाऊन आलो, दार उघडलं न्हाई. महिना संपता संपता एक दिवस त्याचाच फोन आला. या म्हणला, लाईनचं काम न्हाई, तुम्हाला एक दाखवायचंय. गेलो. दाढी वाढल्याली, डोळे आत गेल्याले. मशीन चालू. म्हणला, काका, ते लोक आज रात्री सगळं पुसून टाकणार. म्हणून मी शेवटचं एकदा पाहून घेतलं. त्यानं ती तुकड्यांची यादी समोर आणली. इकडची, त्याच्या मशीनवरची. न् तिकडची, त्या थंड मुलखातली, ज्याला इथून कुणी हात लावू शकत न्हाई. दोन्हीत एक तुकडा जास्तीचा होता. बाकी सगळे एकेक अक्षराचे, हा लांब. आधी नव्हता, त्यानं मोजून ठेवले होते. न् त्याच्यापुढं तारीख बाकीच्या तुकड्यांचीच. एकोणीसशे नव्व्याण्णव. जाईचा जन्म न्हाई, उमाचं लग्न न्हाई, तवाची.

मी म्हणलं, भुजंग, वाजवू नको.

तो म्हणला, मी रोज वाजवतो, काका. माझ्यापाशी दुसरं काय हाय?

न् त्यानं वाजवलं.

"आले, माय."

जाईच होती. त्या रात्रीची. अंधारात ऐकलं होतं तसंच, स्वच्छ.  मी उठायला लागलो तर भुजंगनं माझा हात धरला. थांबा, म्हणला, संपलं न्हाई.

मी थांबलो. जरा वेळ नुसती खरखर. न् मंग श्वास ऐकू आला. त्या हजारो तुकड्यांत कुठंच नसल्याला. बाईचा. लांब घेतल्याला, जरासा जड... लेकरू खालून उचलून कडेवर घेताना बाईमाणूस घेतं, तसा.